घरचा क्लाउड घरातच ठेवावा, की भाड्याच्या सर्व्हरवर?

पेठेतला_पेंग्विन
नेक्स्टक्लाउड, म्हणजे फायली-फोटो ठेवायचा स्वतःचा क्लाउड, चालवायचं तर मशीन घरातच हवं. फक्त माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढू नका; तो नुसता बसून ६० वॅट खात असेल तर महिन्याला ४३ युनिटं झाली. १० वॅटचा मिनी पीसी सव्वासात युनिटांत भागवतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात चक्कर मारा. वर डेबियन लिनक्स, प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत (कंटेनरांत) चालवणारा डॉकर, डेटाबेससाठी मारियाडीबी आणि एकच फाईल दोघांनी एकदम बदलू नये या कुलपासाठी (फाईल लॉकिंग) रेडिस. झालं.

बाणेर_बॅश
झालं कसलं! बाहेरून पोचणार कसे? राउटरवरचा वॅन पत्ता (कंपनीने दिलेला बाहेरच्या बाजूचा आयपी) १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक घरांत वाटते. मग राउटरवर पोर्ट ४४३ (वेबसाइटचा सुरक्षित मार्ग) फॉरवर्ड करणं म्हणजे नुसतं आपल्या खोलीचं दार उघडणं. वाड्याचा दिंडी दरवाजा इंटरनेट कंपनीकडेच. व्हीपीएस, म्हणजे डेटासेंटरातला भाड्याचा सर्व्हर घ्या, स्थिर पत्ता मिळतो.

पेठेतला_पेंग्विन
बाहेरून घरात यायचा खाजगी बोगदा (व्हीपीएन), वायरगार्ड, कशाला आहे मग? सीजीनॅट असेल तर त्यावरच बांधलेलं टेलस्केल. एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र डीएनएस पद्धतीने (डोमेनच्या नोंदीत खूण टाकून) घ्या, त्याला पोर्ट उघडावंच लागत नाही. आणि तुमच्या व्हीपीएसवर डॉकरच्या कंपोज (मांडणीच्या) फाईलमध्ये ‘८०८०:८०’ लिहिलं असेल तर यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या भरवशावर झोपू नका. डॉकर स्वतःचे नियम घालतो आणि पोर्ट जगाला उघडं पडतं. ‘१२७.०.०.१:८०८०:८०’ लिहा, म्हणजे ते मशीनपुरतंच राहतं; पुढे बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा रिव्हर्स प्रॉक्सी.

वारज्याचा_वायरमन
दोघंही गुरुवार, म्हणजे आपल्याकडचा दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार, विसरलात. वीज जाऊन आली की यूएसबी डिस्क कधीकधी उशिरा जागी होते. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्का जोडायच्या त्या यादीत) ‘नोफेल’, म्हणजे ‘डिस्क नसली तरी पुढे जा’, नसेल तर बूट दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. ‘नोफेल’ असेल तर बूट होतं, पण कंटेनरला रिकामं फोल्डर दिसतं. नेक्स्टक्लाउड डेटा फोल्डरात स्वतःची लपलेली खूणफाईल शोधतं. ती नाही म्हणून अडून बसतं. इथे लोक हमखास ती फाईल हाताने बनवतात. बनवू नका! मग ते रिकाम्या फोल्डरवर चालू होतं, आणि पुढे कोणी ‘फाइल्स स्कॅन’ (फोल्डर पाहून नोंदी जुळवणारी आज्ञा) मारलं की डेटाबेसमधल्या नोंदी साफ. आधी डिस्क माउंट करा (फोल्डरला जोडा), मग कंटेनर रीस्टार्ट. नुसत्या माउंटने चालत नाही, चालू कंटेनर जुनंच फोल्डर धरून बसतो. यूपीएस घेताय तर राउटर आणि फायबरचा डबाही त्यावरच जोडा.

बाणेर_बॅश
म्हणूनच म्हणतो, डेटासेंटर बरं. घरी डिस्क गेली की?

पेठेतला_पेंग्विन
डेटासेंटरातही जाते. बॅकअप दोन्हीकडे लागतोच, आणि रेड (दोन डिस्कांवर एकच मजकूर लिहिणं) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कांवरून एकदमच जाते. नेक्स्टक्लाउडचा मेंटेनन्स मोड लावा, डेटाबेसचा डंप (पूर्ण नक्कल) घ्या, मग रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने सगळं उचला. अपग्रेडच्या आधीही हेच, आणि मेजर आवृत्ती एका वेळी एकच चढा. नेक्स्टक्लाउडच्या २९ वरून थेट ३१ वर उडी चालत नाही.

बाणेर_बॅश
आणि तो बॅकअप ठेवणार कुठे? त्याच कपाटात?

पेठेतला_पेंग्विन
नाही. भाड्याच्या सर्व्हरवर. पण एन्क्रिप्ट करून, आणि रेस्टिकचा पासवर्ड कागदावर, दुसऱ्या घरी.