हंटिंगचा कंपाउंड बो घेऊ का? आणि कुठली कंपनी टिकते?

कर्वेनगरचा_तिरंदाज:
नमस्कार मंडळी. दीड वर्ष रिकर्व्ह, म्हणजे चाकं नसलेला धनुष्य, मारतोय. 2023 ला बर्लिनमध्ये अदिती स्वामी आणि ओजस देवतळे वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेला धनुष्य, डोक्यात बसलाय, आता पैसे जमलेत. एक नवा हंटिंग मॉडेल मिळतोय, 31 इंच लांबीचा, 70 पौंड ताणाचा, बॉक्सवर बाणाचा स्पीड 340 फूट प्रति सेकंद लिहिलंय. शिकार अर्थातच करायची नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती बंदच आहे, फक्त टार्गेट. माझा ड्रॉ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, 27 इंच. हॉईट, मॅथ्यूज, पीएसई या कंपन्यांतली भरवशाची कुठली? प्रत्येक जण वेगळंच सांगतो, डोकं चक्रावलंय.

रेंजवरचा_काका:
70 पौंडाचा घेऊ नकोस बाळा. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या मॅचला कंपाउंडच्या ताणाची मर्यादा 60 पौंड आहे आणि हे बो साधारण 10 पौंडच खाली येतात, म्हणजे तू कायम तळाशी. 50-60 वाला बघ. तो 340 चा आकडा 70 पौंड, 30 इंच ड्रॉ आणि 350 ग्रेन वजनाचा हलका बाण लावून काढलेला असतो, तुझ्या 27 इंचावर तो कधीच दिसणार नाही. आणि 31 इंची बो झाडीत फिरायला सोयीचा, पण 50 मीटरवर तो हातात जरा जास्तच हलतो, टार्गेटवाले उगाच 36-40 इंची वापरत नाहीत.

सिंहगडरोड_प:
कंपनीचं म्हणाल तर तिन्ही चांगल्या. मी आधी नावावर गेलो आणि फसलो. बो एकाकडून घेतला, आठ महिन्यांनी लिम्बला, म्हणजे बोच्या वाकणाऱ्या पट्टीला, बारीक चीर गेली, वॉरंटी मागायला गेलो तर कळलं की ती पहिल्या खरेदीदारालाच आणि अधिकृत डीलरकडून घेतला असेल तरच, माझं बिलच धड नव्हतं, मग काय, नवीन लिम्ब बाहेरून मागवले आणि अडीच महिने बो खुंटीला. म्हणून घ्यायच्या आधी दोनच गोष्टी विचारा, बिलावर सीरियल नंबर येतो का आणि पुण्यात बो प्रेस, म्हणजे बो दाबून दोरी सैल करायचं यंत्र, कुणाकडे आहे. स्ट्रिंग-केबल दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते, प्रेसशिवाय ते घरी होत नाही, करूही नका.

कर्वेनगरचा_तिरंदाज:
दादा हे कुणीच सांगितलं नव्हतं! मित्राचा सेकंडहँड टार्गेट बो पण आहे, 38 इंची, तो बघू का?

मुळाकाठची_आर्चर:
बघ ना, पण आधी कापसाचा बोळा घे आणि लिम्बच्या दोन्ही बाजूंनी, कडांवरून हळू फिरव. कुठे तंतू अडकला तर तिथे फायबर उचकटलंय, घेऊ नकोस. मित्राला सरळ विचार, बाण न लावता कधी सुटलाय का? माझ्यासमोर एकाचा सुटला होता, फटाक्यासारखा आवाज, कॅम, म्हणजे टोकाचं चाक, वाकडा, स्ट्रिंग निघून लोंबत होती, आणि वरून लिम्ब अगदी चकचकीत दिसत होता. ड्रॉ 27 वर येतो का तेही बघ. काही बोंना कॅमवरचं मॉड्यूल, म्हणजे ड्रॉ ठरवणारा तुकडा, फिरवून जमतं, काहींना नवं मॉड्यूल लागतं, आणि जुन्या मॉडेलचं ते मिळेलच असं नाही.

रेंजवरचा_काका:
रविवारी सकाळी तो बो घेऊन ये रेंजवर. कापूस मी आणतो.