लाइट येते, ईएसपी जोडला जातो, पण पायथन सर्व्हर मुका

मळेवाला_रावेर
भाऊ लोकं, डोकं फिरायची वेळ आली. रावेरजवळ आमचा केळीचा मळा. कांदेबागेची (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची) निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, सुरू, आणि मे महिन्यात ड्रिप एक दिवस चुकली तरी झाड बोलून दाखवतं. म्हणून विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत ईएसपी-३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) बसवला. तो दर ३० सेकंदाला जमिनीची ओल आणि फिल्टरपुढचा दाब अशी २४ बाइटची ओळ घरातल्या जुन्या लॅपटॉपला पाठवतो. लॅपटॉपवर उबुंटू, त्यावर पायथनचा साधा टीसीपी सर्व्हर, पोर्ट ५०००.

आधी भावाच्या विंडोज लॅपटॉपवरून चाचणी घेतली तर १००६१, कनेक्शन रिफ्यूज्ड. ते माझंच येडेपण, बाइंडमध्ये (सर्व्हरनं कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते) १२७.०.०.१, म्हणजे फक्त त्याच लॅपटॉपपुरता पत्ता, लिहिलं होतं. ०.०.०.०, म्हणजे सगळे पत्ते, केलं, सुटलं.

आताचं दुखणं वेगळं. लाइट गेली की ईएसपी बंद. लॅपटॉप बॅटरीवर आणि राउटर इन्व्हर्टरवर, ते दोघं जिवंत. लाइट आली की ईएसपी जोडला जातो, कनेक्ट होतो, सेंडही होतं, हिरवा दिवा लागतो. सर्व्हर मात्र एक ओळ छापून नाही राहिला. एररसुद्धा नाही! बंद करून चालू केला की ठीक. घाईत केला तर कधी एरर ९८, ॲड्रेस ऑलरेडी इन यूज.

कोड असा: लूपमध्ये ॲक्सेप्ट (नवं कनेक्शन हातात घेणं), त्याच्या आत दुसरा लूप, त्यात रिसीव्ह (आलेला डेटा वाचणं), रिकामं आलं तर ब्रेक. थ्रेड नाहीत, म्हणजे एका वेळी एकच कनेक्शन. आबा म्हणतात, तुझ्या मशिनपेक्षा मीच माती दाबून बघतो.

भुसावळ_यार्ड
सर्व्हर मुका असताना बंद करू नको. दुसऱ्या टर्मिनलवर 'एसएस -टीएन' (टीसीपी कनेक्शनची यादी दाखवणारी कमांड) चालव आणि पोर्ट ५००० च्या ओळी इथं टाक.

मळेवाला_रावेर
आज पहाटे पुन्हा झालं. ६ वाजता चालवली. दोन ओळी आल्या, दोन्ही त्याच ईएसपीच्या आयपीच्या, पण पोर्ट वेगळे. दोन्हींपुढे 'एस्टॅब', म्हणजे जोडलेलं. रिसीव्ह-क्यूमध्ये (आलेले पण न वाचलेले बाइट) एकीला ०, दुसरीला १४४०.

भुसावळ_यार्ड
१४४० भागिले २४ म्हणजे ६० ओळी, म्हणजे अर्धा तास. लाइट साडेपाचला आली असणार.

शून्यवाली ओळ मेलेली आहे. ईएसपीची वीजच गेली, त्याला 'मी निघालो' सांगायला म्हणजे फिन पाठवायला वेळ कुठे मिळाला? तुझा रिसीव्ह त्या मेलेल्या कनेक्शनवर बसून राहिला. म्हातारा फाट्यावर एसटीची वाट बघतोय आणि गाडी रद्द झाल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही, तसं. तुझा 'रिकामं आलं तर ब्रेक' बरोबर आहे, पण समोरच्यानं नीट बंद केलं तरच रिकामं येतं.

मग नवं कनेक्शन जोडलं कसं गेलं? हँडशेक (जोडणीचा हात मिळवणं) कर्नल, म्हणजे उबुंटूचा गाभा, करतो, तुझा ॲक्सेप्ट नाही. लिसनच्या रांगेत (ॲक्सेप्टची वाट बघणाऱ्या कनेक्शनच्या) जागा असेल तर कर्नल परस्पर हात मिळवतो आणि आलेला डेटा साठवून ठेवतो. ईएसपीला वाटतं पोचलं. पोचलंच आहे, वाचणारा कोणी नाही.

उपाय: ॲक्सेप्टमधून मिळालेल्या सॉकेटवर (कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकावर) सेट-टाइमआउट ९० टाक. तीन ओळी चुकल्या की टाइमआउट-एरर येईल, तो पकड, सॉकेट बंद कर, पुन्हा ॲक्सेप्टवर जा. लक्षात ठेव, लिसनवाल्या सॉकेटवर नाही. टीसीपी कीप-अलाइव्हच्या (समोरचा जिवंत आहे का याची आपोआप चौकशी) भरवशावर बसू नको. तो मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी लिनक्समध्ये पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी. दोन तासांत तुझी पाण्याची पाळी संपेल.

९८ साठी बाइंडच्या आधी एसओ-रीयूज-ॲडर ही खूण टाक, म्हणजे तोच पत्ता लगेच पुन्हा वापरता येतो. ती टाकल्यावर पहिल्या वेळी पुन्हा ९८ आली तर घाबरू नको, जुन्या सॉकेटवर ती खूण नव्हती. मिनिटभर थांब.

धुळे_देवपूर
जिभाऊ, एवढी उठाठेव कशाला? एमक्यूटीटी (सेन्सरचे निरोप पोचवायची तयार पद्धत) घे, त्यात कीप-अलाइव्ह आयताच मिळतो.

आणि सॉकेटच ठेवणार असशील तर रिसीव्ह १०२४ (एका वेळी जास्तीत जास्त १०२४ बाइट) म्हणजे एक ओळ असं समजू नको. टीसीपी नुसता बाइटचा प्रवाह. साठलेल्या ६० ओळी सुटल्या की एका रिसीव्हमध्ये ४२ ओळी आणि ४३ वीचा तुकडा येईल. बफरमध्ये जोडत जा, नव्या ओळीच्या खुणेवर तोड.

मळेवाला_रावेर
यार्डभाऊ, लाइट खरंच साडेपाचला आली होती, आबांना विचारून घेतलं!

९० टाकला. आज दुपारी स्टार्टरचा मेन तीनदा पाडून बघितला, तिन्ही वेळा परत जोडला गेला. ९८ एकदा आली, मग नाही. तुकड्याचं देवपूरभाऊंनी सांगितलं तसंच निघालं: ओलीचा आकडा ४१ चा ४ छापला गेला होता, आणि मी सेन्सर खराब म्हणून नवा मागवून बसलो. एमक्यूटीटी पावसाळ्यात बघू, आता मळ्यातून सवड नाही.

आबा अजून माती दाबून बघतातच.