माल्टा: इम्दिना, रबात, बिरगू एका दिवसात, पण निवांत. सल्ला हवा

निवांत:
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं माल्टात असू. मुक्काम व्हॅलेटात, गाडी भाड्याने घेणार नाही. एक अख्खा दिवस जुनी गावं पायी बघायला राखून ठेवलाय. यादीत इम्दिना, रबात, बिरगू आणि गोझोमधलं व्हिक्टोरिया. क्रम कसा लावू? दोघंही शाकाहारी, आणि एकाला जिने फारसे झेपत नाहीत.

घाटवाट:
व्हिक्टोरिया काढून टाका. गोझो वेगळं बेट आहे. बोट, त्यापुढची बस, संध्याकाळी पुन्हा तेच. गावापेक्षा रांगाच जास्त बघाल. त्याला वेगळा दिवस द्या.

बाकीची तीन आरामात होतात. इम्दिना आणि रबात म्हणायला दोन, मध्ये फक्त एक बाग आणि रस्ता. अरबांच्या काळात तटबंदी आखडून घेतली, आत राहिलं ते इम्दिना, बाहेरचं रबात. रबात म्हणजे उपनगरच.

सकाळी आठच्या सुमारास व्हॅलेटाच्या वेशीबाहेर, ट्रायटन कारंज्याजवळच्या स्टँडवरून ५१, ५२ किंवा ५३ नंबरची बस घ्या. अर्धा-पाऊण तास लागतो. स्टँडवरूनच चढा, कारण भरलेली बस मधल्या थांब्यावर थांबत नाही आणि रिकामी असली तरी हात दाखवावा लागतो. तिकीट २ तास चालतं, तेवढ्यात बस बदलली तर नवीन काढायचं नाही.

इम्दिनात दहाच्या आत फिरून घ्या. त्यानंतर सहलीच्या बसगाड्या येतात आणि दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्यांत चाळीस-चाळीसचे गट घुसतात. मुख्य दरवाजा १७२४ चा. त्यातून आत गेल्यावर सरळ मोठ्या रस्त्याने जाऊ नका, डावी-उजवीकडच्या बोळांत शिरा. गल्ल्या मुद्दाम वळणावळणाच्या आहेत. ऊन आणि वारा आत येत नाही.

दगडफूल:
घाटवाट यांच्याशी सहमत. थोडी भर घालतो.

इथला दगड नीट बघा. मधाच्या रंगाचा, मऊ चुनखडक, सबंध बेट त्याचंच बांधलेलं. खारा वारा तो कोरत जातो, त्यामुळे जुन्या भिंतींवर मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रं पडलेली दिसतील. दारांवरच्या पितळी कड्या बघा: डॉल्फिन, मासे, समुद्री घोडे. लाकडी बंद सज्जांना तिथे 'गाल्लारिया' म्हणतात, म्हणजे आपली गॅलरीच.

इम्दिनाचं कॅथीड्रल, म्हणजे मुख्य चर्च, चुकवू नका. ११ जानेवारी १६९३ च्या सिसिलीच्या भूकंपात जुनं पडलं, आत्ताचं लोरेन्झो गाफाने बांधलं. दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक वेळ दाखवतं आणि दुसरं तारीख. आत गेल्यावर वर बघायच्या आधी खाली बघा: जमिनीवर रंगीत संगमरवरात जडवलेल्या थडग्यांच्या शिळा, त्यावर कवट्या, सांगाडे, घराण्यांची चिन्हं. तिकीट शेजारच्या संग्रहालयात मिळतं, दोन्हींना तेच चालतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; ओढणी किंवा पंचा सोबत ठेवा. रविवारी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांसाठी तो दिवस नको.

घाटवाट:
जिन्यांबद्दल. रबातचं सेंट पॉल कॅटाकोम्ब्ज हे रोमन काळापासूनचं भुयारी दफनस्थान फार सुंदर आहे. खडकातच कोरलेली गोल टेबलं आहेत, मृतांच्या नावाने जेवण घालायला. पण प्रत्येक भुयाराला वेगळा उतार, पायऱ्या झिजलेल्या आणि छत एवढं बुटकं की वाकून चालावं लागतं. गुडघ्यांची तक्रार असेल तर मोठं मुख्य भुयार तेवढं करा, बाकीची सोडा. तेही नको असेल तर दोन गावांच्या मधोमधच्या 'दोमुस रोमाना'त जा. १८८१ मध्ये सापडलेलं रोमन घर, भांड्यातलं पाणी पिणाऱ्या पारव्यांचं मोझेक तिथेच आहे. दोन्ही ठिकाणी शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या वेळेआधीच थांबतो, म्हणून दुपारचं दुपारीच उरका.

खादाडखाऊ:
शाकाहारींसाठी. रबातला पास्तित्सी, म्हणजे सारण भरलेली खुसखुशीत पापुद्र्यांची करंजी, खाल्लीच पाहिजे. मधोमध दुमडलेली, थोडी उघडी असते ती रिकोटाची (पनीरसारखं मऊ चीज). बाजूने बंद केलेली ती वाटाण्याची, आणि त्यात बऱ्याचदा करी पावडर असते. पण पारी पापुद्र्यांची होण्यासाठी चरबी लागते, आणि पारंपरिक कृतीत डुकराचीही वापरतात. आत काय आहे एवढंच विचारून चालणार नाही, पीठ कशात मळलंय तेही विचारा.

निर्धास्त खायचं तर बिगिल्ला: सुक्या बाकल्याच्या दाण्यांचा, लसूण-मिरची घालून वाटलेला लगदा, पावाबरोबर. 'होब्झ बिझ्झेत', म्हणजे टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला पाव, तोही उत्तम. मात्र त्यात ट्यूना घालायची पद्धत आहे, ऑर्डर देतानाच 'ट्यूना नको' सांगा.

निवांत:
मनापासून आभार. मग बिरगू संध्याकाळी?

दगडफूल:
हो. दोन-अडीचला रबात सोडा, व्हॅलेटात तासभर पाठ टेका. चारच्या जरा आधी अप्पर बराक्का बागेत पोहोचा, चारला तोफ उडते. बागेतूनच ५८ मीटरची लिफ्ट धक्क्याजवळ उतरवते, म्हणजे जिने वाचले. धक्क्यावरून बिरगूशेजारच्या बोर्मला गावाची बोट, तिथून पाण्याच्या कडेने दहाएक मिनिटं चाललं की बिरगू. १५६५ च्या ऑटोमन तुर्कांच्या वेढ्यात माल्टावर राज्य करणारे सेंट जॉनचे योद्धा-संन्यासी (नाइट्स) इथेच तळ ठोकून होते, व्हॅलेटा तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. इन्क्विझिटरचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायाधीशाचा, वाडा आणि मागच्या कुंड्यांनी भरलेल्या गल्ल्या, एवढं पुरे. किल्ल्यासाठी धावू नका.

बोटीऐवजी दायसा ही छोटी होडीही मिळते. बसण्यापूर्वी माणशी किती ते ठरवून घ्या.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी रात्री बिरगूचे दिवे मालवून मेणबत्त्या लावतात. तुमची तारीख जुळत असेल तर दिवसाचा क्रम बदला, इम्दिना लवकर सोडा, पण गर्दीची तयारी ठेवा.

घाटवाट:
एक महत्त्वाचं राहिलं. ऑक्टोबरात पहिले मोठे पाऊस येतात. ईशान्येचा वारा सुटला की बंदरातल्या बोटी बंद होतात, आणि भिजलेला तो गुळगुळीत दगड साबणासारखा होतो. रबरी तळाचे बूट घाला. परतीला बोट नसली तर बिरगूहून २ नंबरची बस थेट व्हॅलेटाला येते.