दशांशाच्या भागाकारात बाकी ३ की ०.३? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
संध्याकाळी घरी सहावीच्या चार मुलांचं गणित घेते. मी शिक्षिका नाही, बीकॉम झालेय, त्यामुळे कधीकधी मुलंच माझी विकेट काढतात.

सध्या दशांश अपूर्णांकांचा भागाकार चालू आहे. भागलं की संख्या लहानच होते, हा पहिला ठाम समज. ६ ÷ ०.५ चं उत्तर १२ आलं की खोडून ३ लिहायची. पैशांवरून समजावायला गेले, तर आठ आणे म्हणजे काय हे चौघांनाही माहीत नाही! (चार आणे २०११ सालीच चलनातून गेले, यांचा तेव्हा जन्मही नव्हता.) शेवटी सहा भाकऱ्यांची अर्धुकं मोजायला लावली. बारा. पटलं.

भाजकातला दशांश घालवायला दोन्ही संख्यांना १० ने गुणायचं, हेही जमलं. मग मी हौसेने गणित घातलं: लेस ७.५ मीटर, तुकडा ०.४ मीटरचा, किती तुकडे होतील? ७५ ÷ ४, भागाकार १८, बाकी ३. एक मुलगी वहीतून डोकं वर काढून म्हणते, "ताई, तीन मीटर उरली तर अजून तुकडे का नाही कापायचे?"

"उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. १८ तुकड्यांना ७.२ मीटर लागली, उरली ०.३, एवढं मला कळतं. पण १० ने गुणून भागाकार तोच राहतो, मग बाकी का बदलते? नियम पाठ करून घ्यायचा नाहीये, पोरांना पटेल असं काही सुचवा.

प्रतिसाद १:
मुलीला माझ्यातर्फे एक चॉकलेट द्या. ताई, १० ने गुणलंत तेव्हा तुम्ही नकळत मीटरवरून डेसिमीटरवर आलात: लेस ७५ डेसिमीटर, तुकडा ४ डेसिमीटरचा. तुकडे नगावर मोजतो, ते १८ च राहणार. उरलेली लेस मात्र नव्या मापात आली, ३ डेसिमीटर. हा शब्द मुलांना परका वाटला तर सेंटिमीटर घ्या: ७५० ÷ ४०, बाकी ३०. म्हणजे त्यांच्या दप्तरातल्या पट्टीएवढी लेस. बाकी ३ म्हणा, ३० म्हणा की ०.३, चिंधी तीच!

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. एक भर घालतो. बाकी न ठेवता पुढे भागत गेलात तर १८.७५ येईल. मग कुणीतरी नक्की म्हणणार, पाऊण मीटर उरली. तसं नाही, पाऊण तुकडा उरला. ०.४ चा पाऊण म्हणजे ०.३.

धागाकर्ती:
पाऊण तुकडा! हे डोक्यातच आलं नव्हतं. दोघांचेही आभार. उद्या प्रत्यक्ष कापूनच दाखवते. घरात लेस नाही, सुतळीवर भागवेन. ओढली की थोडी ताणते, तेवढं सांभाळून मोजावं लागेल.