मेसेनियाचा अरिस्टोमेनीस : इतिहास किती आणि दंतकथा किती?

शोधयात्री
नमस्कार. दक्षिण ग्रीसमधील पेलोपोनीस द्वीपकल्पाच्या नैऋत्येकडील मेसेनियाच्या लोकांविषयी सध्या वाचन चालू आहे. इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांत स्पार्टाने त्यांचा मुलूख जिंकून बहुसंख्य रहिवाशांना हेलट, म्हणजे जमिनीला जखडलेले वेठबिगार, केले. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्रा येथे थीब्ज या ग्रीक नगरराज्याने स्पार्टाचा पराभव केला आणि ३६९ च्या सुमारास थीब्जचा सेनापती इपामिनोंडास याने इथोमी डोंगराच्या पायथ्याशी मेसेनियन लोकांसाठी मेसेनी हे नगर वसवले. मधल्या काळात ज्यांना मायदेशात स्वतःचे नगर नव्हते, त्यांच्या अरिस्टोमेनीस या वीराच्या इतक्या तपशीलवार कथा कोणी जपल्या? की त्या स्वातंत्र्यानंतर रचल्या गेल्या?

ताम्रपट
आपल्या हाती असलेली सलग हकीकत इ.स.च्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनिअस याची आहे. त्याचे मुख्य आधार दोन : गद्य लिहिणारा मायरॉन आणि क्रीटचा कवी रिआनस. दोघेही सर्वसाधारणपणे इ.स.पू. तिसऱ्या शतकातले, म्हणजे मेसेनी वसल्यानंतरचे मानले जातात. मायरॉन अरिस्टोमेनीसला स्पार्टाविरुद्धच्या पहिल्या युद्धात ठेवतो, तर रिआनस नंतरच्या युद्धात. आणि रिआनसच्या काव्यात तो होमरच्या अकिलीसइतकाच तेजस्वी दिसतो, असे पॉसेनिअस स्वतःच नोंदवतो. ज्या वीराचे युद्ध कोणते यावरही एकमत नाही, त्याच्या चरित्राला इतिहास म्हणणे मला अवघड वाटते.

कथा मात्र विलक्षण आहे. स्पार्टन लोकांनी त्याला साथीदारांसह केआडास नावाच्या खोल कपारीत फेकले. बाकीचे मेले, पण त्याला, असे म्हणतात, एका गरुडाने पंखांवर झेलले. तिसऱ्या दिवशी प्रेते खायला आलेल्या कोल्ह्याला त्याने एका हाताने धरले, तो चावायला वळला की दुसऱ्या हाताने अंगरखा पुढे करायचा, असे करत त्याच्यामागून फरफटत तो एका बिळापाशी पोहोचला आणि उजेड दिसताच हातांनी ते भोक रुंद करून बाहेर पडला. अंगरख्याचा हा बारकावा लोककथेतला वाटतो, दरबारी कवीच्या कल्पनेतला नव्हे.

नीलसागर
आधार उशिराचे आहेत, हे मान्य. परंतु त्यावरून स्मृतीच उशिराची ठरत नाही. मेसेनी वसण्याच्या कितीतरी आधी अथेन्सचा इतिहासकार थ्युसिडिडीज लिहितो की बहुतेक हेलट हे पूर्वी गुलाम केलेल्या मेसेनियन लोकांचे वंशज होते आणि म्हणून सर्वांनाच मेसेनियन म्हटले जाई. इ.स.पू. ४६४ च्या सुमारास स्पार्टात मोठा भूकंप झाला, तेव्हा बंड करणाऱ्यांनी आश्रय घेतला तो इथोमीवरच. अखेर पेलोपोनीस सोडण्याच्या अटीवर ते बाहेर पडले आणि अथेन्सने त्यांना कोरिंथच्या आखातावरील नॉपॅक्टस येथे वसवले.

या निर्वासितांचा पुरावा आजही पाहता येतो. ऑलिंपियाच्या संग्रहालयातील पेओनिओसने घडवलेली विजयदेवता नायकी ही मेसेनियन आणि नॉपॅक्टसकरांनी शत्रूंकडून मिळालेल्या लुटीच्या दशांशातून झ्यूस देवाला अर्पण केली होती. तिच्यावरील कोरीव लेखात शत्रूचे नाव नाही. मेसेनियन सांगत की ही भेट स्फॅक्टेरिया बेटावर स्पार्टाविरुद्ध मिळालेल्या (इ.स.पू. ४२५) विजयाची असून स्पार्टाच्या भीतीने नाव कोरले नाही. त्या लढाईत स्पार्टन तुकडीच्या पाठीशी जाणारी कड्यावरची वाट मेसेनियन लोकांच्या नायकानेच शोधली होती. आपण मेसेनियन आहोत हे असे दगडावर कोरणाऱ्यांना इपामिनोंडासने ओळख बहाल केली, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

शोधयात्री
दोघांचेही मनापासून आभार. मग प्रत्यक्ष युद्धाच्या जवळच्या काळातले काहीच उपलब्ध नाही का?

ताम्रपट
आहे, पण ते विजेत्यांच्या बाजूचे. इ.स.पू. सातव्या शतकातील स्पार्टाचा कवी टिर्टीअस याच्या काही ओळी उरल्या आहेत. राजा थिओपॉम्पस, एकोणीस वर्षांची लढाई आणि विसाव्या वर्षी सुपीक शेते टाकून इथोमी सोडणारा शत्रू, एवढे त्यांत येते. जिंकलेले लोक ओझ्याखाली दबलेल्या गाढवांसारखे असून पिकाचा निम्मा वाटा धन्यांकडे पोहोचवतात, असेही तो म्हणतो. अरिस्टोमेनीसचे नाव उरलेल्या ओळींत कुठेही नाही. नीलसागर यांचा मुद्दा मला पटतो : लोकांची स्मृती जुनी आहे. माझा आक्षेप त्या एका वीराच्या चरित्रापुरताच आहे.