वानुआतू (पॅसिफिकमधला बेटांचा देश): गाडी भाड्याने घ्यावी का? देशांतर्गत विमानं कितपत भरवशाची?

कोपरीकर: मेमध्ये आम्ही चौघं राजधानी पोर्ट विला आणि तान्ना बेट करणार आहोत. घोडबंदर रोडवर रोज गाडी चालवतो, तिथे जमेल ना?

वाशी_सेक्टर९: घोडबंदरची सवयच आडवी येईल. वानुआतूत वाहतूक उजवीकडून चालते, स्टिअरिंग डावीकडे. इंडिकेटरचा दांडाही डावीकडे, म्हणजे वळताना हमखास वायपर सुरू होतो. तो त्रास किरकोळ. खरा धोका गोल चौकात: गाड्या डावीकडून येतात आणि आपण सवयीने उजवीकडे बघतो. रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळल्यावरही गाडी नकळत चुकीच्या बाजूला जाते. शेजारच्याने प्रत्येक वळणाला 'उजवीकडे राहा' म्हणावं. अंधार पडल्यावर चालवू नका. शहराबाहेर दिवे नाहीत, रस्त्यावर माणसं, कुत्री, डुकरं असतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढा: फॉर्म ४ए, फी १००० रुपये, मुदत १ वर्ष. तो तिथे चालतो का, हे गाडीवाल्याकडून लेखी घ्या.

ऐरोली_ढगफुटी: विमानांबद्दल. बेटांदरम्यानचं छोटं ट्विन ऑटर विमान १९ आसनी, त्यामुळे वजनाला फार महत्त्व. सामानासोबत तुमचंही वजन करतात. ओव्हरलोड असेल तर बॅग मागे राहते, म्हणून औषधं अंगावरच्या पिशवीत. काही बेटांवर धावपट्टी गवती असते, ती पावसाने चिखलाची झाली की उड्डाण रद्द. तान्नाहून परतीचं विमान आणि आंतरराष्ट्रीय विमान यांत पूर्ण दोन दिवस ठेवा. त्याच दिवशीचं जोडतिकीट म्हणजे शुद्ध जुगार. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, मे बरा. विम्यात वैद्यकीय हवाई स्थलांतर हवंच.

कोपरीकर: मग गाडी नको, ड्रायव्हरसकट व्हॅन बघतो.

वाशी_सेक्टर९: उत्तम. मागच्या सीटला बेल्ट आहेत का, तेवढं आधी विचारा.