'ओक अंबोक' : आजी नातीला 'ओक' म्हणते, तिथे काय लिहू?

टीपकागद : अनुवादात अडकलेय. कंबोडियातल्या बाट्टमबांग भागातल्या एका बाईंच्या लहानपणीच्या आठवणी मुलांसाठी मराठीत आणतेय. प्रसंग पौर्णिमेचा. नवा भात मडक्यात भाजून गरम गरम उखळात ओततात. दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालतात आणि आठ वर्षांची ही पोर दोन घावांच्या मधे काठीने भात खालीवर करते. मावशी ओरडतेय, "बोटं सांभाळ!" पाखडल्यावर उरतो तो अंबोक. रात्री चंद्राला हात जोडून तो केळं आणि नारळाच्या पाण्याबरोबर खायचा. या खाण्याचंच नाव 'ओक अंबोक'. 'ओक' म्हणजे तळहातावरचं कोरडं खाणं तोंडात टाकणं. पान 14 वर आजी नातीला म्हणते, "ओक!" माझ्या भाचीने कच्चा खर्डा वाचून विचारलं, "आजी तिला उलटी का करायला सांगतेय?"

भातगिरण : 😄 'फाका मार' लिहा. आम्ही चुरमुऱ्यांचा फाकाच मारायचो.

मधलीआळी : फाका म्हणजे उपासमार हो. 'फाके पडले' म्हणतो ना आपण? मूळ अरबी. ज्या देशात 1975 ते 79 मधे माणसं भुकेने मेली, तिथल्या आजीच्या तोंडी हा शब्द नको.

भातगिरण : ते दोन शब्द निराळे. तोंडात टाकायचा फाका आपला, फक्कीचा थोरला भाऊ. भुकटी तोंडात पडली की 'फक्' होतं, त्यावरून आला असणार. ही आपली माझी व्युत्पत्ती, कोशात शोधू नका.

सुंठवडा : फक्की नकोच. फक्की ऐकलं की त्रिफळा चूर्ण आठवतं, सणाचा सगळा मूड जातो. 'बकाणा भर' कसं वाटतं?

मधलीआळी : बकाण्यात हावरटपणा आहे. आमच्याकडे आईने "बकाणे भरू नकोस" म्हटलं की पाठोपाठ धपाटा यायचा.

सुंठवडा : मग तोबरा?

मधलीआळी : तोबरा घोड्याचा. फार तर पान खाणाऱ्याचा.

भातगिरण : तोबरा फारसी, फाका अरबी. तुमच्या चाळणीतून खाली काय पडणार? 'मुखी क्षेपण कर' लिहायचं का आता?

चावदिस : मला वेगळाच प्रश्न पडलाय. भात भाजला, कांडला, चपटा केला. मग ते पोहेच की! अंबोक कशाला? आमच्या सिंधुदुर्गात चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, सकाळी कारीट फोडलं की पोह्यांचे पाच प्रकार. लहानपणी आजीच्या व्हायनात, म्हणजे उखळात, हेच चालायचं आणि आमचीही बोटं थोडक्यात वाचायची.

मधलीआळी : पोहे करताना भात आधी भिजवतात. हा तर नुकता कापलेला, ओलसर भात थेट भाजलेला दिसतोय. म्हणजे भाताचा हुरडा म्हणा.

चावदिस : हुरडा कांडतात?? कधी ऐकलं नाही.

दोनचारवर्षं : कंबोडियातल्या ता प्रोमच्या देवळाच्या जतनाचं काम भारतीय पुरातत्त्व खात्याकडे होतं तेव्हा आम्ही काही काळ सिएम रीपला होतो. शेजारच्या आजींनी मला हा घास भरवलाय. पोह्यांसारखाच, पण कोवळा, किंचित हिरवट आणि धुरकट वासाचा. मूठभर तोंडात टाकला की टाळूला चिकटतो, बोलताच येत नाही, आणि पोरं नेमकी तेव्हाच हसवतात. बाकी तुमचा 'ओक' लेखनातच चुकलाय. ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, लिपीत तिथे अ आणि क एवढीच दोन अक्षरं आहेत, काना-मात्रा काही नाही. उच्चार 'ऑक'च्या जवळचा. 'ऑक अंबोक' लिहा, उलटीचा प्रश्नच मिटला.

टीपकागद : हे खरंच उपयोगी! पण "ऑक!" म्हणजे काय हे मुलांना कळायला हवं ना. तळटीप नकोय मला.

मधलीआळी : 'ऑ' तरी कुठे आपला आहे? ऑफिसबरोबर आलेला. सरळ 'अक' लिहा, लिपीला धरून.

भातगिरण : म्हणजे उच्चार चुकला तरी चालेल, अक्षर शुद्ध हवं!

कोजागिरी : कोणाच्या लक्षात आलं का? कोजागरीलाही पोहे आणि नारळाच्या पाण्याचाच नैवेद्य. मसाला दूध नंतर घुसलं. तिथेही पौर्णिमा, पोहे, शहाळं. हे इथूनच गेलं असणार.

दोनचारवर्षं : सावकाश. त्यांची पौर्णिमा 'कट्टिक' महिन्यातली, म्हणजे आपला कार्तिक. कोजागरी आश्विनातली. महिन्यांची नावं गेली हे खरं, पण भात पिकतो तिथे पोहे कोणालाही सुचतील. चंद्रातल्या सशाची गोष्ट मात्र ते सांगतात. बुद्धाचा पूर्वजन्म ससा होता, ती जातकातली. आमच्या त्या शेजारच्या आजी तर त्या रात्री केळीच्या पानावर पडलेल्या मेणाच्या ठिपक्यांवरून पुढच्या वर्षीचा पाऊसही सांगायच्या.

कोजागिरी : ससा आहे म्हणजे इथलंच.

सुंठवडा : 😀 पोह्यांवर आलोच आहोत तर, कोळाचे पोहे चावदिसाला करतात की लक्ष्मीपूजनाला? आमच्याकडे दरवर्षी वाद होतो.

टीपकागद : अहो, पान 14! उद्या पाठवायचंय. सध्या "आ कर, आणि टाक तोंडात!" एवढंच लिहून ठेवलंय.

चावदिस : चावदिसालाच. आणि कोळात गूळ हवा, साखर नाही.

सुंठवडा : आमच्यात साखरच घालतात.